‘हळवी आहे’ असा शेरा

शाळेच्या मागच्या मैदानावर नवी इमारत उभी राहायची होती, म्हणून त्या दिवशी सकाळपासून जमिनीची मोजणी चालली होती. तिपाईवर बसवलेलं यंत्र, त्याला डोळा लावून वाकलेली चौतिशीची एक बाई, आणि पार पलीकडच्या कुंपणाशी पट्ट्यापट्ट्यांची काठी धरून उभा असलेला तिचा पोक्त मदतनीस. आठवीची पोरं खिडकीला मुंगळ्यांसारखी चिकटली होती. दुसरे कुणी शिक्षक असते तर खिडक्या लावून घेतल्या असत्या. पण तास होता गणिताच्या बाईंचा.

गणिताच्या बाईंना पोरं पाठीमागे ‘मऊबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आतून बरंही वाटे. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही मुलाला फळ्यापाशी उभं करून रडवलं नव्हतं. कुणाचं उत्तर चुकलं तर ‘असू दे, बस’ म्हणत. जे मूल घाबरट, ज्याच्या घरी शिकवणारं कुणी नाही, त्याला मुद्दाम सोपं विचारत, म्हणजे त्याची चारचौघांत शोभा व्हायला नको. गणितासारख्या विषयाची शिक्षिका, आणि तरी पोरं तिच्या मागे मागे फिरतात, याचा शाळेत सगळ्यांनाच अचंबा वाटे.

मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यात आल्या तशी ती मोजणीवाली टोपी काढून पुढे आली.

“बाई, ओळखलंत?”

बाईंनी चष्मा वर केला. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण नाव जिभेवर येईना. मग हनुवटीवरचा व्रण दिसला. “गप्पू?”

“तीच.” ती हसली. वर्गात वर्षभर तोंडातून शब्द काढत नसे, म्हणून पडलेलं ते नाव. बाईंना भरून आलं. वीस वर्षं झाली असतील.

“अगं, आणि हे यंत्र तू चालवतेस? तुला कळतं यातलं?” बाई बोलून गेल्या, आणि आपला सूर आपल्यालाच जरा खटकला.

“कळतं तर. परवाना आहे माझा. आधी आठ वर्षं एका दुकानात खोकी बांधत होते. मग एका म्हाताऱ्या मोजणीदारांकडे काठी धरायला लागले. एकदा त्यांची बेरीज चुकली ती मी उभ्या उभ्या सांगितली, तर म्हणाले, उद्यापासून त्रिकोणमिती. एकोणतिसाव्या वर्षी वरच्या गणिताची परीक्षा दिली, बाई. शेजारच्या बाकावरचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याला वाटलं मी पर्यवेक्षक आहे. माझ्याकडे पुरवणी मागितली त्याने.”

दोघी हसल्या. हसता हसता बाईंनी अगदी सहज विचारलं, “मग वरचं गणित शाळेतच का नाही घेतलंस तेव्हा?”

गप्पूचं हसू थांबलं. राग नव्हता चेहऱ्यावर. समोरचा माणूस थट्टा करतोय की काय हे न कळल्यासारखी ती बघत राहिली.

“तुम्हीच लिहून दिलं होतं ना, बाई.”

“मी? काय लिहून दिलं?”

“शिफारशीच्या कागदावर. साधं गणित. मुलगी हळवी आहे, ओझं नको. आईला वाचता येत नव्हतं, शेजारच्या काकांनी वाचून दाखवलं. आई म्हणाली, बाईंचा किती जीव आहे बघ तुझ्यावर.” तिने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “खरंच होता, बाई. माझ्यावर कधी ओरडला नाहीत तुम्ही.”

कुंपणाकडून मदतनिसाची हाक आली, तशी ती मैदानाकडे वळली. बाई मात्र तिथेच खांबाला धरून उभ्या राहिल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आजूबाजूने धडाधडा आत गेली.

त्या शाळेत नववीपासून गणिताच्या दोन वाटा फुटत. वरचं गणित घेतलं तर पुढे इंजिनिअर, औषधनिर्माता, मोजणीदार, काय हवं ते होता येई. साधं घेतलं की ती सगळी दारं एकदमच बंद. कुणी कुठल्या वाटेने जायचं याची शिफारस आठवीच्या गणितशिक्षकाने लिहायची, आणि बावीस वर्षं ती बाईंनीच लिहिली होती. त्यांच्या शब्दाबाहेर सहसा कुणी जात नसे.

शाळा सुटल्यावर बाई कार्यालयात गेल्या आणि कारकुनाकडे जुन्या शिफारस-पुस्तकांच्या स्थळप्रती मागितल्या. तो म्हणाला, “कुठल्या वर्षीच्या?” बाई म्हणाल्या, “सगळ्या.” त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कपाटाची किल्ली काढून दिली.

गप्पूचा कागद लगेच सापडला. वार्षिक गुण एकाहत्तर. खाली बाईंच्याच हातची, पहिल्या वर्षांतली ती जरा गोलसर अक्षरं: साधं. मुलगी हळवी आहे, ओझं नको.

तोवर बाई मनाशी म्हणत होत्या, एखादी चूक होते माणसाच्या हातून. पण मग त्यांनी पुढचं पान उलटलं. त्याच वर्गातला, वकिलांचा मुलगा. गुण चोपन्न. शेरा: वरचं. आळशी आहे, पण दामटलं तर करेल.

एकाहत्तरला साधं आणि चोपन्नला वरचं. लिहिणारा हात एकच, शाईसुद्धा तीच.

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक पुस्तक घेऊ लागल्या. साधं, बुजरा आहे. साधं, घरी अभ्यास घेणारं कुणी नाही. साधं, स्वभावाने गरीब, पेलणार नाही. आणि मध्ये मध्ये: वरचं, आईवडील लक्ष देतील. वरचं, गुण कमी पण धीट आहे. ज्यांना पासष्टच्या वर गुण असून साधं मिळालं होतं, त्यांच्या पानांचे कोपरे बाई दुमडत गेल्या. पुस्तकं संपली तेव्हा दुमडलेले कोपरे भरले सदतीस. एकही शेरा रागाने लिहिलेला नव्हता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर बाईंनी त्याला सरळ दुष्ट म्हटलं असतं. पण या प्रत्येक शेऱ्यात माया होती, आणि ती माया वाचताना त्यांच्या अंगावर काटा येत होता.

“बाई, पाणी देऊ का?” कारकुनाने विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी नवऱ्याने विचारलं, ताप आहे का. बाई म्हणाल्या, नाही. जेवताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “मी चांगली शिक्षिका आहे का हो?” नवरा म्हणाला, “हे काय विचारणं झालं? अख्खं गाव सांगेल.” बाई ताट तसंच ठेवून उठल्या.

या वर्षीच्या शिफारशी शुक्रवारपर्यंत द्यायच्या होत्या आणि त्या लिहून तयार होत्या. पाच जणांना साधं. त्यातली एक नळवाल्याची मुलगी. वर्गात तिसऱ्या बाकावर, भिंतीला टेकून बसणारी. गुण सत्तरीच्या आसपास, हात कधी वर नाही. बाई तिला पाढ्यातलं काहीतरी विचारत, ती बरोबर सांगे, बाई ‘शाब्बास’ म्हणत आणि पुढे जात. वर्षभर दोघींचं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं: कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा. उत्तर नेहमी सम येतं. का?

डॉक्टरांच्या मुलाने सवयीने हात वर केला. असले प्रश्न त्याचेच असत. चुकला तर बाई त्याला खुणा देत देत उत्तरापर्यंत घेऊन जात. पण बाई त्याच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी नळवाल्याच्या मुलीला उभं केलं.

“तू सांग.”

मुलगी उभी राहिली. तिने फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि तिच्या डोळ्यांत जे उतरलं ते बाई जन्मभर विसरणार नव्हत्या.

“मी काय केलं, बाई?” ती हळूच म्हणाली.

“अगं, काही केलं नाहीस. प्रश्न विचारतेय तुला.”

“मग मला का?”

मुलगी तशीच उभी, डोळे काठोकाठ. शेवटी घंटा झाली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिचा बाप आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हाताला गंजाचे डाग. तो दारातच उभा राहिला.

“बाई, रागावू नका, पण पोरीचं काय चुकलं ते तेवढं सांगा. ती म्हणते, बाई माझ्यावर चिडल्यात. या शाळेत तिला तुमचाच काय तो आधार होता.”

“ती हुशार आहे म्हणून विचारलं मी तिला.”

तो बाईंकडे बघतच राहिला. “हुशार?” असं म्हणून त्याने पिशवी खाली ठेवली. “बाई, आठ वर्षं झाली तिला शाळेत घालून. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

बाईंच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या एवढंच म्हणू शकल्या, “उद्या पाठवा तिला. माझी चूक आहे. तिची नाही.”

तो गेल्यावर बाई मैदानाकडे चालत गेल्या. गप्पू यंत्राचे पाय आवळत होती. बाई तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि काही आडपडदा न ठेवता म्हणाल्या, “मी सगळे कागद काढून बघितले. तुझ्यासारखे सदतीस आहेत. तुझी क्षमा मागायची म्हटलं तर कुठून सुरुवात करू, कळत नाही.”

गप्पूने हातातला स्क्रू आवळून संपवला. मग म्हणाली, “परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी खूप रडले होते, बाई. पास झाले म्हणून नाही. हे मला आधीपासून येत होतं, हे कळलं म्हणून. तेव्हा तुमचा राग आला होता. आता कामाच्या गडबडीत उरला नाही. पण नव्हताच असं म्हणणार नाही मी.”

“नको म्हणूस,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “त्या म्हाताऱ्या मोजणीदारांनी तुला कसं शिकवलं? मी परवा एका मुलीला अवघड विचारलं तर तिला वाटलं, मी शिक्षा करतेय.”

“मलाही वाटलं होतं. पहिलं गणित दिलं तेव्हा मला वाटलं, आता कामावरून काढणार.” गप्पू थोडं हसली. “पण ते गणित देऊन निघून जायचे नाहीत. शेजारी बसायचे. सांगायचे काही नाहीत हं, विड्या ओढायचे नुसत्या. मी चुकले की म्हणायचे, कुठे चुकलीस ते मला दाखव. दोन दोन तास. मला वाटायचं, या माणसाला कामधंदे नाहीत काय. पण माझ्यासाठी इतका वेळ कुणी बसलंच नव्हतं कधी.”

शुक्रवारी मुलगी आली. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला रिकाम्या वर्गात नेलं आणि स्वतः तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या.

“त्या दिवशी मी तुला वर्गासमोर उभं केलं ते चुकलं. पण प्रश्न तुझ्यासाठीच आहे. आपण दोघी बसू. घाई नाही.”

मुलीने वहीत लिहायला घेतलं. एकाचं दोन, दोनाचं सहा, तिनाचं बारा, चाराचं वीस. वीसपर्यंत गेली. “सगळे सम येतात, बाई.”

“एकविसाचं काय?”

मुलीने ते केलं. चारशे बासष्ट. “सम.”

“आणि त्याच्या पुढचं?”

सोमवारी ती पाच पानं भरून आली. एकशे तीनपर्यंत करून आणलं होतं, एकही गुणाकार चुकला नव्हता. तिने वही बाईंपुढे ठेवली आणि वाट पाहू लागली. बाईंच्या ओठांवर ‘शाब्बास, असू दे आता’ येऊन थडकलं होतं. किती मेहनत केली पोरीने, आता पुरे, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. ते त्यांनी गिळलं. वही मिटली.

“एकशे चारचं काय?”

मुलीने वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी पडली. “बाई, तुम्ही असंच विचारत राहिलात तर हे कधी संपणारच नाही.”

“हो ना. मग काय करायचं?”

ती फणकाऱ्याने खिडकीबाहेर बघत बसली. बाई शेजारी बसून राहिल्या. इतका वेळ गप्प बसणं त्यांना आजवर कधी जमलं नव्हतं. हात शिवशिवत होते, एक खूण द्यावी, फक्त एक. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मुलगी खिडकीकडे बघतच पुटपुटली, “पाचाचा वर्ग म्हणजे पाच वेळा पाच. त्यात आणखी एक पाच. म्हणजे सहा वेळा पाच.”

“बरं.”

“सहाचं केलं तर सात वेळा सहा. म्हणजे…” ती गर्रकन वळली. “बाई, त्या दोन शेजारच्या संख्या आहेत. शेजारी शेजारी असल्या की एक सम असणारच. मग गुणाकार समच. एकशे चारचाही. सगळ्यांचा.”

बाई थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिल्या. डॉक्टरांच्या मुलाला त्यांनी याच प्रश्नासाठी अवयव पाडायची खूण दिली होती, तरी त्याने दोन दिवस घेतले होते. आणि ही, जिला वर्षभर त्यांनी नुसते पाढे विचारले होते, ती कुणी वाट दाखवली नसताना इथे येऊन पोचली होती. वर्षभर ती याच भिंतीला टेकून बसली होती, त्यांच्यापासून चार हातांवर.

“बरोबर आहे ना?” मुलीने विचारलं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

शिफारशी देण्याची मुदत उलटून गेली होती. बाईंनी पाचही कागद फाडून नवे लिहिले आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवले. मुख्याध्यापक चांगले होते, पण निकालाची टक्केवारी त्यांचा जीव की प्राण.

“बाई, ही मुलं नापास झाली तर?”

“रोज शाळा सुटल्यावर तासभर मी यांच्याबरोबर बसेन.”

“आजवर तर तुम्ही म्हणत होता, ओझं नको.”

“म्हणत होते,” बाई म्हणाल्या. “ते फार चुकलं माझं.” आणि त्यांनी दुमडलेल्या कोपऱ्यांची पुस्तकं त्यांच्यासमोर उघडली. मुख्याध्यापकांनी चार-पाच पानं उलटली, मग चष्मा टेबलावर ठेवला. आणि सही केली.

सगळं काही गोड झालं असं नाही. पाचांतल्या एका मुलाच्या वडिलांनी कागद परत आणून दिला. म्हणाले, आमच्या घराण्यात असलं कुणी शिकलेलं नाही, उगाच पोराला तोंडघशी पाडू नका. बाई दोनदा त्यांच्या घरी गेल्या, उपयोग झाला नाही. एका मुलीने नववीत दोन महिने वरच्या वर्गात काढले आणि स्वतः होऊन साधं घेतलं. तिला चित्रकलेला वेळ हवा होता. बाईंनी तिला तीनतीनदा विचारलं, घाबरून तर सोडत नाहीस ना. शेवटी ती वैतागून म्हणाली, “बाई, मला येतं. मला आवडत नाही.” बाईंनी ऐकलं.

नववीचं वरचं गणितही बाईंकडेच होतं. नळवाल्याच्या मुलीला पहिल्या चाचणीत चाळीसपैकी अकरा पडले. पेपर वाटताना बाईंना वाटलं, आता ही पुन्हा येणार नाही. पण शाळा सुटल्यावर ती वही घेऊन हजर. “अकरा का, ते मला दाखवायचंय,” ती म्हणाली. एकेक चूक तिने स्वतः शोधून ठेवली होती, आणि एका ठिकाणी चूक बाईंचीच होती. पायरी बरोबर असून गुण दिला नव्हता. बाईंनी अकराचे बारा केले. वर्षअखेरीला तिला शंभरपैकी अठ्ठावन्न मिळाले आणि डॉक्टरांच्या मुलाला त्रेसष्ट. संध्याकाळच्या तासाला आता तोही येऊन बसू लागला होता, कुणी बोलावलेलं नसताना.

दहावीला गणित शिकवायला दुसरे सर होते. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. बाई शिक्षकखोलीत वह्या तपासत होत्या, तेवढ्यात मुलगी दारात आली.

“सरांनी आज दोन प्रकारचे कागद वाटले,” ती म्हणाली. “एक सोपा, एक अवघड. मला सोपा दिला.”

बाईंची लेखणी जागच्या जागी थांबली. सर वाईट नव्हते. सर अगदी त्यांच्यासारखेच होते. “मग?”

“मी म्हटलं, सर, दुसरा द्या. ते म्हणाले, झेपेल का तुला? मी म्हटलं, ते करून बघितल्यावर कळेल. पण अडलं की तुमच्याकडे येणार, तुम्ही बसाल ना माझ्याबरोबर?”

“असं म्हणालीस?”

“हो. ते बघतच राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, बसेन.”

बाईंनी समोरची खुर्ची पुढे ओढली. “बस. कुठलं अडलंय, दाखव.”

“चौथं अडलंय,” मुलगी दप्तर खांद्यावर सारत म्हणाली. “पण ते मी सरांनाच विचारणार आहे. तुम्हाला नुसतं सांगायला आले होते.”